लॅन कार्ड जळालेलं नसतं

मशिनमध्ये दुसरं लॅन कार्ड बसवलं आणि ते दिसतच नाही, अशी तक्रार घेऊन तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात जा, तीनपैकी एक उत्तर हमखास ऐकायला मिळेल. ‘कार्ड जळालंय, नवीन टाकू.’ ‘एका मशिनमध्ये दोन कार्डं भांडतात, एक काढा.’ ‘विंडोज गेलीय, फॉरमॅट मारावं लागेल.’ मी स्वतः याच धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. एकही तपासणी न करता दिलेली ही तिन्ही उत्तरं अंदाज आहेत, आणि अंदाजाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेणं मला मान्य नाही.

दुसरं कार्ड लागतं कुणाला? घरी एकच कॉम्प्युटर वापरणाऱ्याला सहसा लागत नाही. ते लागतं शाळेच्या संगणक कक्षाला, पतसंस्थेला, वाचनालयाच्या अभ्यासिकेला, गावातल्या पॅथॉलॉजी लॅबला. एका कार्डात बाहेरून आलेलं इंटरनेट, दुसऱ्यात आतल्या मशिनचा स्विच, आणि मध्ये बसलेला एखादा जुना कॉम्प्युटर दोन्हींमधली ये-जा सांभाळतो. हे दुसरं कार्ड बंद पडलं की सगळी खोली अडते. शिवाय या संस्थांचा पैसा मोजका असतो. खरेदीला ठराव लागतो, दरपत्रकं मागवावी लागतात. चुकीच्या निदानाचा भुर्दंड नेमका ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर पडतो.

‘बदलून टाका’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मला ठाऊक आहे, आणि तो फुसका नाही. साधं गिगाबिट कार्ड काही शे रुपयांत येतं. माणूस दोन तास शोधत बसला तर त्याचा वेळ कार्डापेक्षा महाग पडतो. दुकानात इतर मशिनं रांगेत असतात, गिऱ्हाइक दारात उभं असतं. मग शोधायचं कशाला? या हिशेबात दोन गोष्टी न तपासता धरून चाललेल्या आहेत: दोष कार्डातच आहे, आणि दोष शोधायला दोन तास लागतात. पहिली खोटी निघाली तर नवं कार्डही दिसत नाही. मग बोट मदरबोर्डकडे जातं आणि मदरबोर्डवरून नव्या मशिनच्या खरेदीकडे.

माझ्या ओळखीच्या एका वाचनालयात हेच घडलं. अभ्यासिकेतल्या मशिनना नेट पुरवणारा उबुंटूवर चालणारा कॉम्प्युटर होता. इंटरनेटची वायर मदरबोर्डवरच्याच पोर्टात, अभ्यासिकेचा स्विच वेगळ्या बसवलेल्या रिअलटेकच्या कार्डात. मशिन हळू चालतंय म्हणून दुकानदाराने त्यात एम-डॉट-टू प्रकारची एसएसडी घातली. त्याच दिवसापासून अभ्यासिकेतलं नेट गेलं. निदान झालं, कार्ड जळालं. नवं कार्ड आणलं, तेही दिसेना. पुढचं निदान, बोर्ड कमजोर झालाय, नवा सेट घ्या. त्या प्रस्तावाचा कागद समितीपुढे ठेवण्याच्या बेतात असताना मला बोलावणं आलं.

उत्तर मदरबोर्डच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. स्लॉटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप होती: दुसऱ्या एम-डॉट-टू जागेत ड्राइव्ह बसवला तर अमुक छोटा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट बंद होतो. दोघांच्या वाट्याला आलेल्या लेन एकच. बोर्ड बनवणाऱ्यांना चिपसेटकडून लेन मोजक्या मिळतात आणि स्लॉट त्याहून जास्त द्यायचे असतात, म्हणून अशा वाटण्या सर्रास असतात. आपलं लॅन कार्ड नेमकं त्या बंद झालेल्या स्लॉटात होतं. त्या स्लॉटात जगातलं कुठलंही कार्ड बसवलं असतं तरी दिसलं नसतं. एसएसडी पहिल्या एम-डॉट-टू जागेत हलवली, जुनं ‘जळालेलं’ कार्ड पुन्हा बसवलं, आणि यादीत ते पहिल्या फटक्यात आलं.

तरी अभ्यासिकेत नेट आलं नाही. दुकानदाराचा माणूस शेजारी उभा होता. तो लगेच म्हणाला, ‘बघा सर, म्हटलं नव्हतं, कार्डच गेलंय.’ कार्ड यादीत समोर दिसत असताना तो हे म्हणाला. या वाक्याशी माझं भांडण आहे. दोष एका ठिकाणी नसला की दुसऱ्या ठिकाणी पाहायचं असतं; पुन्हा कार्डावर खापर फोडायचं नसतं.

कार्ड ‘दिसत नाही’ या एका तक्रारीत किमान चार वेगवेगळे बिघाड राहतात. बसवर, म्हणजे मदरबोर्डच्या कार्डं जोडणाऱ्या वाटेवर, कार्ड सापडतं का? सापडलं तर त्याचा ड्रायव्हर चढतो का? चढला तर त्याला मिळालेलं नाव आणि आपल्या सेटिंगमधलं नाव एकच आहे का? आणि हे सगळं जुळलं तर पत्ता आणि रस्ता बरोबर दिलाय का? या चारांपैकी फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर कार्डावर संशय घेण्याला काही अर्थ आहे, आणि तेव्हाही वाचनालयासारखा स्लॉटच बंद असू शकतो. बाकी तिन्ही ठिकाणी कार्ड बदलणं म्हणजे पैसे वाया.

पहिला प्रश्न तर यंत्र स्वतःच सोडवतं. मशिन सुरू होताना बसवरच्या प्रत्येक जागेला विचारलं जातं, तुझा क्रमांक काय? प्रत्येक पीसीआय उपकरणात सुरुवातीलाच सोळा बिटांचा कंपनीचा क्रमांक आणि सोळा बिटांचा उपकरणाचा क्रमांक कोरलेला असतो. रिअलटेकचा कंपनी क्रमांक १०ईसी, इंटेलचा ८०८६. जागा रिकामी असेल तर उत्तर देणारंच कुणी नसतं, आणि सोळाच्या सोळा बिट ‘एक’ वाचले जातात, म्हणजे एफएफएफएफ. हा क्रमांक म्हणूनच कुठल्याही कंपनीला दिलेला नाही. म्हणजे कार्ड जागेवर आहे की नाही याचं उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ मिळतं. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही एक आज्ञा ते दाखवते. यादीत १०ईसी:८१६८ अशी ओळ असली तर कार्ड जिवंत आहे, बोलतंय, स्वतःचं नाव सांगतंय. त्याखालच्या ओळीत कुठला ड्रायव्हर वापरात आहे तेही लिहिलेलं असतं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, पिवळ्या खुणेच्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सच्या पानावर हार्डवेअर आयडी पाहायचा. तेच आकडे तिथे असतात. याला दोन तास लागत नाहीत. चहा येण्याआधी होतं.

‘दोन कार्डं भांडतात’ हे उत्तर मला सर्वांत जास्त खटकतं, कारण ते एकेकाळी खरं होतं. आयएसए या जुन्या बसच्या जमान्यात मशिनला दोन इंटरप्ट कंट्रोलर मिळून इंटरप्टच्या, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधण्याच्या, पंधरा ओळी वापरायला मिळत. त्यांतल्या बऱ्याचशा कीबोर्ड, फ्लॉपी, प्रिंटर, हार्ड डिस्क, सिरियल पोर्ट यांनी आधीच अडवलेल्या असत. एनई-२००० जातीची कार्डं बहुधा ३०० हेक्स या पत्त्यावर जंपर लावून येत. तशी दोन कार्डं जंपर न हलवता एकाच मशिनमध्ये घातली तर दोघं एकाच पत्त्यावर उत्तर द्यायला धावत आणि दोन्ही बंद पडत. लिनक्सचा त्या काळचा कर्नल पहिलं आयएसए ईथरनेट कार्ड सापडलं की पुढे शोधायचाच नाही. भलत्या पत्त्यावर चाचपणी केली तर दुसरंच एखादं उपकरण अडकून मशिन गोठण्याची भीती असे. दुसरं कार्ड शोध असं त्याला सुरुवातीच्या ओळीत मुद्दाम सांगावं लागे. ज्या ज्येष्ठ मंडळींनी तेव्हा रात्री जागून जंपर हलवले त्यांच्याविषयी मला आदरच आहे. त्यांचं ज्ञान खरं होतं.

पण पीसीआयचा पहिला आराखडा आला १९९२ साली. त्यात पत्ते जंपरने ठरत नाहीत, मशिन सुरू होताना प्रत्येक कार्डाला वाटून दिले जातात. इंटरप्टची ओळ दोन उपकरणांनी वाटून घेतली तरी चालावं अशीच त्याची विद्युतरचना आहे. पुढे पीसीआय एक्स्प्रेसमध्ये तर इंटरप्टसाठी वेगळी तारच उरली नाही. कार्ड मेमरीतल्या ठरलेल्या पत्त्यावर एक संदेश लिहितं, तोच इंटरप्ट. भांडायला ओळच नाही. आजही जागा कमी पडण्याचा बिघाड क्वचित होतो, पण विंडोज तो लपवत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १२ म्हणून सांगते. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. तीन आकडे, तीन वेगळ्या वाटा. ते न वाचता ‘भांडतात’ म्हणणं म्हणजे गेल्या पिढीचं अर्धवट ऐकलेलं उत्तर पुढे सरकवणं. एका सर्व्हरमध्ये चार-चार पोर्ट असलेली कार्डं जोडीने वर्षानुवर्षं शांतपणे चालतात, हे डोळ्यांसमोर असताना.

आता फॉरमॅट. या सवयीने लोकांची किती कामं बुडाली असतील. पतसंस्थेचं खात्यांचं सॉफ्टवेअर, शाळेचे निकाल, कुणाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो, सगळं एका लॅन कार्डापायी पुसलं जातं. फॉरमॅट मारून काय मिळतं? जी पेनड्राइव्ह घालून पुन्हा इन्स्टॉल करता, तिच्यात त्या कार्डाचा ड्रायव्हर नसेल तर तो आकाशातून येत नाही. उदाहरण घ्या. रिअलटेकची अडीच गिगाबिटची ८१२५ ही चिप. लिनक्सच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये तिला जागा मिळाली ५.४ या कर्नलमध्ये, तो आला नोव्हेंबर २०१९ मध्ये. एप्रिल २०१८ मधलं उबुंटू १८.०४ आपल्या मूळ ४.१५ कर्नलवर हे कार्ड चालवू शकत नाही. दहा वेळा फॉरमॅट मारलं तरी दहाही वेळा उत्तर तेच. इलाज कर्नल नवा करण्याचा आहे, तोही डेटाला हात न लावता होतो.

ड्रायव्हर आहे पण चढत नाही, असंही होतं. काही कार्डांना ड्रायव्हरसोबत फर्मवेअरची वेगळी फाइल लागते; डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये अशा फाइली सरसकट मिळू लागल्या त्या जून २०२३ मधल्या बाराव्या आवृत्तीपासून. त्याआधी ब्रॉडकॉमची सर्व्हरमधली कित्येक कार्डं केवळ त्या फाइलीअभावी मुकी बसत. कंपनीच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर स्वतः बांधून घातला आणि बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. यांतलं प्रत्येक कारण कर्नलच्या नोंदीत साध्या इंग्रजीत लिहिलेलं सापडतं. फर्मवेअरची अमुक फाइल सापडली नाही, किल्ली मान्य नाही, अशा ओळी तिथे असतात. त्या वाचायला हव्यात एवढंच.

कुणी म्हणेल, एवढ्या खोलात जायला आम्ही काय कर्नल लिहिणारे आहोत? कर्नल लिहिणाऱ्यांचीच एक गोष्ट सांगतो. २००८ च्या सप्टेंबरात लिनक्सच्या २.६.२७ या येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी चालू असताना इंटेलची लॅन कार्डं मरू लागली. कार्डाच्या कायमच्या स्मृतीतला मजकूर बिघडायचा, त्याची बेरीज जुळायची नाही आणि ड्रायव्हर कार्ड घ्यायला नकार द्यायचा. मशिन बंद-चालू करून उपयोग नाही, जुना कर्नल घालूनही नाही. संशय साहजिकच त्या कार्डांच्या ई-१०००-ई या ड्रायव्हरवर गेला. उबुंटूने आपल्या चाचणी आवृत्तीत तो ड्रायव्हरच बंद करून टाकला. शोध लागला तेव्हा दोषी निघाला एफट्रेस, कर्नलमधल्या फंक्शनचा माग काढणारा भाग, ज्याचा लॅनशी काडीचा संबंध नव्हता. तो चालू कर्नलमधल्या सूचना जागच्या जागी बदलायचा आणि त्यांच्या पत्त्यांची यादी ठेवायचा. एकदाच लागणारा कोड मेमरीतून काढून टाकल्यावरही त्याचे पत्ते यादीत राहायचे. तोच पत्ता पुढे लॅन कार्डाच्या स्मृतीकडे वळलेला असला की एफट्रेसचं लिखाण थेट कार्डात जायचं.

ज्यांनी तेव्हा बोर्ड बदलून पुन्हा तोच कर्नल घातला असता त्यांचा नवा बोर्डही त्याच धोक्यात गेला असता. शोधणाऱ्यांनी दोन गोष्टी केल्या: मूळ सापडेपर्यंत कार्डाच्या स्मृतीला कुलूप लावलं, आणि सर्वांत सोप्या संशयितावर न थांबता शोध पुढे नेला. आपल्याला एवढं खोल जावं लागत नाही. आपल्याला पहिल्याच संशयितावर थांबायचं नाही, एवढंच त्यातून घ्यायचं.

वाचनालयाकडे परत येतो, कारण तिथे तिसरा प्रश्न अजून उभा होता, नावाचा. २०१३ च्या जानेवारीत सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून लिनक्समध्ये कार्डाचं नाव त्याच्या बसवरच्या जागेवरून पडतं. ईएनपी४एस० म्हणजे चौथ्या क्रमांकाच्या बसवरचा शून्यावा स्लॉट. पूर्वी कुठलं कार्ड आधी जागं होईल त्यावर नाव ठरायचं आणि दोन कार्डांची नावं अदलाबदल व्हायची, त्यावरचा हा उपाय. पण एसएसडी पहिल्या जागेत गेली तेव्हा तिने एक बस क्रमांक घेतला, पुढचे सगळे एकेक घराने सरकले, आणि आपलं कार्ड ईएनपी४एस० चं ईएनपी५एस० झालं. मदरबोर्डवरचं इंटेलचं कार्ड शून्याव्या बसवर असल्यामुळे त्याचं नाव हललं नाही, म्हणून त्या मशिनवर इंटरनेट व्यवस्थित चालू होतं आणि ‘दुसरंच कार्ड मेलंय’ हे आणखी पटत होतं. सेटिंगच्या फाइलीत जुनं नाव होतं. ते काढून कार्डाच्या मॅक पत्त्यावरून ओळख पटेल अशी नोंद केली. अभ्यासिकेतल्या मुलांचं नेट त्याच मिनिटाला सुरू झालं. नव्या कार्डाचे पैसे मात्र संस्थेला परत मिळाले नाहीत.

चौथ्या प्रश्नावर, पत्ता आणि रस्ता यांवर, थोडक्यात लिहितो, कारण तो बिघाड असतो सेटिंगचा आणि बोलबाला होतो कार्डाचा. दोन्ही कार्डांना १९२.१६८.१ मधलेच पत्ते देऊन दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये खुपसल्या जातात. लिनक्स मुळात एका कार्डाच्या पत्त्याबद्दलच्या चौकशीला दुसऱ्या कार्डावरूनही उत्तर देतं. मग पहिली वायर काढली की दुसरंही बंद झाल्यासारखं दिसतं. विंडोजवर दोन्ही कार्डांना डिफॉल्ट गेटवे भरला जातो, जो एकालाच असायला हवा. दोन कार्डं, दोन वेगळी जाळी, गेटवे एक. एवढं पाळलं तर निम्मी ‘मेलेली’ कार्डं उठून बसतील असं माझं ठाम मत आहे.

कार्डं खरंच मरतात हे मला नाकारायचं नाही. वळवाच्या पावसात छपरावरून नेलेल्या लांब केबलवाटे विजेचा झटका आला की पोर्ट जळतो, कधी अख्खा स्विच जातो. कोकणात खारी हवा सोनेरी पट्टीवर बसते. कार्ड काढून, स्लॉटातली धूळ झटकून, पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा घट्ट बसवणं हे पहिलं काम आहेच. (खोडरबर नको. पट्टीवरचा सोन्याचा थर अगदी पातळ असतो, घासून घासून तो उडतो आणि मग खरोखरच संपर्क तुटू लागतो.) पण कार्ड मेलं असं म्हणण्याचा अधिकार कधी येतो? ते चालू असलेल्या दुसऱ्या स्लॉटातही यादीत आलं नाही, आणि दुसऱ्या मशिनमध्येही आलं नाही, तेव्हा. किंवा यादीत येतं, ड्रायव्हर चढतो, आणि चांगल्या केबलवर, चांगल्या स्विचवरही दिवा लागत नाही, तेव्हा. त्याआधी नाही.

दुकानात काम करणाऱ्या पोरांवर माझा रोष नाही. आयटीआयमध्ये ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ असा रीतसर ट्रेड आहे. तिथून बाहेर पडलेली मुलं हुशार असतात, हात चालणारी असतात. मालक त्यांना पार्ट विकण्याचं कमिशन देतो, दोष शोधण्याचं देत नाही. गिऱ्हाइकही पार्टाचे पैसे बिनबोभाट देतं आणि ‘सेटिंग केली’ म्हटलं की कपाळाला आठ्या घालतं. वाचनालयाच्या समितीनेही मला विचारलं, ‘पार्ट काही बदलला नाही, मग पैसे कसले?’ तपासणीचे पैसे मी मागून घेतले आणि पावतीवर तसंच लिहिलं. जोवर तपासणीला दर नाही तोवर तो मुलगा कार्डच विकणार, कारण त्याचं घर त्यावर चालतं.

म्हणून संस्थांच्या सचिवांना आणि मुख्याध्यापकांना माझं सांगणं आहे. वार्षिक देखभालीचा करार सहीला येईल तेव्हा त्यात दोन कलमं घालून घ्या. कुठलाही पार्ट बदलण्यापूर्वी तो बसवर दिसतो की नाही, ड्रायव्हर कोणता, त्रुटीचा कोड काय, हे कामाच्या पावतीवर लिहिलं पाहिजे. आणि पार्ट न बदलता दोष काढला तर त्याचे वेगळे, ठरलेले पैसे मिळतील. काढलेलं कार्ड पावतीसोबत संस्थेच्या ताब्यात राहील, हेही त्याच पानावर लिहून घ्या.